ढोकेकाकांची पोळ्याची यादी

एखादी कादंबरी 'अंगानं भरलेली, पण दुधाला कमी' असू शकते, हे मला सौसरला बदली झाल्यावर कळलं.

हे मत आमच्या शेजारच्या ढोकेकाकांचं. काका सरकारी ढोरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. दिवसभर बैलांच्या तोंडात नळीनं औषध ओतायचं, गाईंना सुया टोचायच्या आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचायची, असा त्यांचा क्रम. वाचलेलं प्रत्येक पुस्तक ते एका लांबट वहीत नंबर टाकून उतरवत. वर्ष संपलं की त्याची यादी करून वाटत. यादीला चार रकाने. नंबर, नाव, कुठून आणलं आणि शेवटी 'प्रकृती'.

हा शेवटचा रकाना म्हणजे काकांची खरी कमाई. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीपुढे लिहिलं होतं, 'शिंगं मोठी, मारत नाही.' एका प्रेमकथेपुढे, 'पाणी पाजून वजन वाढवलेलं.' एका नाटकापुढे, 'पहिल्या अंकात उधळते, तिसऱ्यात बसते ते उठतच नाही.' आणि पानोपानी छपाईच्या चुका असलेल्या कुणाच्या तरी आत्मचरित्रापुढे एकच शब्द, 'खुरकूत'.

काकांचं वर्ष डिसेंबरात संपत नसे, पोळ्याला संपे. मी एकदा कारण विचारलं.

"डिसेंबरात काय संपते, राऊतबाबू? थंडी बी संपत नाही. पोळ्याले बैलाच्या खांद्यावरचं जू उतरते. मानसानं बी आपला हिशेब तवाच करावा."

त्यामुळे पोळ्याच्या सकाळी सगळं गाव बैलांची शिंगं रंगवण्यात गुंतलेलं असताना काका धुतलेला पायजमा घालून सायकलवरून याद्या वाटत फिरत.

छापलेलं काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. संत्र्याच्या झाडावरच्या रोगांचं चोपडं यादीत असे. एका वर्षी तर डिझेल पंपाच्या माहितीपुस्तिकेलाही नंबर मिळाला होता. 'प्रकृती ठणठणीत. शेवटी सुरू होते.'

"काका, हे पण पुस्तक?" मी म्हटलं.

"छापलं हाये ना? वाचलं ना? मंग लिहा लागन."

यादी कार्बन लावून लिहिलेली, एका दमात पाच प्रती. वरची शाईची प्रत भोपाळला, त्यांच्या मुलाला, प्रकाशला पोस्टानं जाई. दुसरी वाचनालयाला, तिसरी रामाकोन्याच्या एका गुरुजींना, चौथी लोधीखेड्याच्या पीठगिरणीवाल्याला आणि पाचवी मला. पाचवीवर अक्षरं उमटलीच आहेत की मला भास होतोय, हे ठरवायला कागद उन्हात धरावा लागे. मी तक्रार केली.

"तुमी नवीन हा," काका शांतपणे म्हणाले. "चक्कीवाला वाचत नाही, नुसती मान हालवते. पुढच्या साली त्याले खाली घेतो, तुमाले वर."

यादी हातात पडली म्हणजे सुटका झाली असं नसे. आठ दिवसांनी परीक्षा सुरू होई. मी बाजारात वांगी निवडत असलो की मागून आवाज येई, "सतरा नंबर वाचला काय?" नाही म्हटलं तर, "मंग सालभर काय करून राहिले तुमी?" हो म्हटलं तर जास्त वाईट. मग भर बाजारात, हातात वांगं धरून, सतरा नंबरच्या नायिकेनं घर सोडलं ते बरोबर की चूक, हे सांगावं लागे. वांगीवाली बाई आधी हसायची. पुढे तीच विचारू लागली, "मंग वापस आली का नाही ते?"

एकदा ही यादी दवाखान्याच्या टेबलावर राहिली आणि नवीन डॉक्टरसाहेबांच्या हाती लागली. साहेब ग्वाल्हेरकडचे, मराठी जेमतेम समजायची. त्यांना वाटलं, हे केसचं रजिस्टर आहे.

"ढोके, यह नंबर नौ कौन-सा केस है? लंगड़ाती है लिखा है. दवा क्या दी?"

"सर, उसको दवा नहीं है. छप गयी अब."

"और यह बारह? दूध नहीं देती? किसका जानवर है?"

"वाचनालय का, सर."

साहेबांनी यादीवरून नजर वर केली. "वाचनालय गाय रखता है?"

पुढचा अर्धा तास काकांनी साहेबांना नंबर बाराची सगळी गोष्ट सांगितली. बाहेर एक म्हैस हंबरत होती. साहेब म्हणे मधेच उठून दार लावून आले. तेव्हापासून साहेबही यादीत आले, पण सहावी प्रत कार्बनमधून उमटत नसल्यामुळे त्यांना ती तोंडी मिळे.

घरात मात्र काकांचा वाचक कुणी नव्हता. वेणूकाकू चुलीपाशी बसून माझ्या बायकोला सांगत, "हे वाचून राह्यले होते अन् तिकडं बोक्यानं दूध पेऊन घेतलं. मी म्हटलं, त्या बोक्याले बी नंबर द्या."

आणि प्रकाश? तो भोपाळला नोकरीला लागला आणि दोन वर्षांपूर्वी तिथंच त्यानं जबलपूरच्या एका मुलीशी लग्न केलं. काका-काकूंना कळलं ते लग्नानंतर, पत्रानं. काकू चार दिवस जेवल्या नाहीत. काका म्हणाले, "झालं तं झालं," आणि पुढं त्या मुलीचं नावसुद्धा त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. प्रकाश आला नाही, हे गेले नाहीत. पोळ्याची यादी तेवढी जात राहिली. उत्तरादाखल महिन्या-दोन महिन्यांनी इनलँड येई. 'आम्ही मजेत आहोत. तब्येत सांभाळा.' यादीबद्दल अक्षर नाही. काका पत्र उलटसुलट करत, घडीच्या आतली पट्टीसुद्धा उलगडून बघत आणि खिशात ठेवून देत.

त्या हिवाळ्यात मला ऑफिसच्या कामासाठी भोपाळला जायचं होतं. काकांनी संत्र्यांचं पोतं बांधलं आणि ते घेऊन बसनं माझ्यासोबत पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत आले. गाडी सुटताना खिडकीशी वाकून म्हणाले, "प्रकाशले यादीचं काही इचारू नोका."

"नाही विचारत."

गाडी हलली. काका सोबत चालू लागले. "पन घरात कुठी दिसली तं पाहून ठेवा."

प्रकाशचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मी बसल्या-बसल्या टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, भिंतीवरच्या तारेत अडकवलेले कागदही पाहिले. यादी कुठंच नव्हती. प्रकाश संत्री सोलत ओशाळून म्हणाला, "बाबांचं अजून चालू आहे का हो ते, राऊतदादा? पोळ्याचं?"

मी काही बोलायच्या आत त्याची बायको, सरिता, आतून एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात दोन्ही वर्षांच्या याद्या होत्या आणि जागोजागी पेन्सिलीच्या खुणा.

"भैया, यह 'खुरकूत' क्या होता है? इनसे पूछती हूँ तो कहते हैं, भूल गया."

मी सांगितलं, गुरांच्या तोंडाला अन् खुरांना फोड आणणारा रोग. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग एकेक खूण पुढं करत तिनं मला तासभर बसवून घेतलं. 'उधळते' म्हणजे काय, 'जू' म्हणजे काय. प्रकाश आधी नुसता ऐकत होता. मग त्याला आपोआप शब्द आठवायला लागले. एका शब्दाचा अर्थ तर त्यानं खोलीभर बैलासारखा चालून दाखवला.

"बाबूजी को कभी लिखा क्यों नहीं?" मी तिला विचारलं.

"उन्होंने तो यादी इनके नाम भेजी थी," ती म्हणाली. "मेरा नाम तो कहीं नहीं था."

मी निघालो तेव्हा तिनं माझ्या हातात वहीचं एक घडी केलेलं पान ठेवलं. "उनको दे देना. डाँटेंगे तो नहीं?"

सौसरला परतलो तो थेट काकांकडे गेलो. काका अंगणात उभे होते. पान दिलं. त्यांनी चष्मा चढवला आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. अकरा पुस्तकं होती, सगळी हिंदी. चार रकाने, अगदी काकांसारखे. शेवटच्या रकान्याला नाव दिलं होतं, 'सिलाई'. नंबर एक, 'तुरपाई उधड़ी हुई है.' नंबर तीन, 'कपड़ा मोटा, पर सिलाई पक्की. बरसों चलेगी.' नंबर आठ, 'नाप किसी और का था.'

काकांनी पान एकदा वाचलं. परत वाचलं. आठ नंबरवर हसण्यानं त्यांचे खांदे हलले.

"शिंप्याची पोरगी हाये काय?"

"हो. वडलांचं जबलपूरला दुकान आहे म्हणे."

"माले माईतच नाही," ते म्हणाले.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काका ओट्यावर बसले. पानाची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस सालं झाले, राऊतबाबू. सगळ्याइले वाटून राहिलो. माले कोनं देल्लीच नाही कवा."

त्यानंतर आठवडाभर बाजारात मला कुणी अडवलं नाही. आठव्या दिवशी काका पोस्टकार्ड घेऊन माझ्या घरी आले. हिंदीचं शुद्धलेखन तपासून पाहिजे होतं. ज्या माणसानं गावाला बावीस वर्षं वाचायला शिकवलं, तो मला विचारत होता, "सुनेले हिंदीत काय लिहितात? बहू, का बेटी?"

"तुम्हाला काय लिहावंसं वाटतं?"

त्यांनी विचार केला आणि 'बेटी' लिहिलं. मग उरलेला मजकूर माझ्यापुढे सरकवला.

'बेटी सरिता, तुम्हारी यादी मिली. प्रकृती उत्तम. नंबर तीन पढ़ने की बहुत इच्छा है, लेकिन वह किताब यहाँ मिलती नहीं. आते समय साथ लाना. प्रकाश को भी लाना.'

मी एक मात्रा दुरुस्त केली. मग मला राहवेना. "काका, नंबर तीन तर आपल्या वाचनालयात आहे. खिडकीजवळच्या कपाटात, मी स्वतः पाहिलंय."

"माईत हाये," काका उठत म्हणाले. "कालच वाचून झालं. तुमी कार्ड पेटीत टाकून द्या."