पॅड झिजू नयेत म्हणून

ब्रेकचे पॅड किती टिकतात, या प्रश्नाला श्यामसुंदर गुप्त्यांच्या घरी एकच उत्तर होतं: शोकेसमध्ये ठेवले तर जन्मभर. शुभाच्या भावाने जपानहून आणलेली ती जोडी मुलुंडच्या त्यांच्या दिवाणखान्यात काचेमागे मांडली होती, आणि आल्यागेल्याला चहाआधी तिचं दर्शन घडे. नवऱ्याच्या या थोरवीपुढे शुभाने केव्हाच हात टेकले होते.

खाली उभ्या मारुतीला मात्र दर वेळी स्वस्तातले डुप्लिकेट पॅड. ते बघता बघता झिजत आणि गाडी थांबताना अशी किंचाळे, की नाक्यावरची माणसं रस्ता सोडून पळत. "हॉर्न वाचतो," असं श्यामसुंदर म्हणे.

पण या रविवारी गोरेगावला जायचं होतं. तिथल्या वैद्य कुटुंबाला मुलासाठी त्यांची लेक पद्मजा पसंत पडली होती. आता मुलीकडच्यांनी घर बघायचं आणि तिथेच सुपारी फोडायची. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून शुभाने देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी होते. आदल्या दिवशी लवू मेकॅनिकने चाक उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब, पॅड झिजान गेले. लोखंडार लोखंड घासता."

"मग टाक नेहमीचे."

"नेहमीचे अजिबात नाहीत!" शुभा कडाडली. "व्याह्यांच्या दारात गाडी भोकाड पसरणार, मी तोंड कुठे लपवू? ते जपानी बसवा, नाहीतर आम्ही मायलेकी रिक्षाने जातो."

मुलीची पाठवणी करावी तशा चेहऱ्याने श्यामसुंदरने पॅड लवूच्या हाती दिले.

रविवारी गाडी मुकाट निघाली. शुभाला बरं वाटलं, ते पवईपर्यंत. तिथे पुढे ट्रक उभा, तरी गाडी आपली सरपटतेच आहे.

"अहो, ब्रेक!"

"गिअर उतरवतोय ना! जपानी पॅड काय ऊठसूट दाबून संपवायचे?"

"मग बसवले कशाला?" मागून पद्मजाने विचारलं.

"प्रसंगाला असावेत म्हणून!"

एवढा शिकलेला माणूस, पण अक्कल गहाण टाकलेली! शुभाने कपाळावर हात मारला. वैद्यांची सोसायटी उतारावर होती. प्रसंग आला, तरी हे गृहस्थ गिअरच चाचपत बसले. गाडी फाटकातून आत शिरली आणि तिने मधुकरराव वैद्यांची स्कूटर भिंतीला चेपली.

वैद्य बापलेक धावत खाली आले. सुपारी फुटायच्या आधी स्थळ फुटलं, या विचाराने शुभाला रडू कोसळलं.

"ब्रेक लागला नाही का हो?" मधुकररावांनी विचारलं.

"मी लावलाच नाही. ओरिजिनल जपानी पॅड आहेत, कालच बसवलेत."

मधुकररावांचा चेहरा निवळला. "अस्सं! मग बरोबर केलंत. स्कूटर काय, होईल दुरुस्त."

"आमच्याकडे पण तसंच, काका," नवरदेव अनंत कौतुकाने म्हणाला. "कलर टीव्ही आणलाय, पण आम्ही जुनाच बघतो. नवा लावला की पिक्चर ट्यूब झिजते ना!"

श्यामसुंदरने जावयाला तिथल्या तिथे मिठी मारली. स्थळ मोडलं नव्हतं, चांगलं पक्कं झालं होतं. शुभाचं रडू थांबलं आणि तिला त्या मिठीत दोन श्यामसुंदर दिसू लागले.

तेवढ्यात पद्मजाने तिचा हात धरला. "आई, चल. मला नाही इथे नांदायचं."

आपल्याला हिच्या वयात जे सुचलं नाही ते पोरीला सुचलं! शुभाला लेकीचा असा अभिमान कधीच वाटला नव्हता. दोघी फाटकाबाहेर पडल्या.

"अगं, पण तुझे बाबा?"

"त्यांना राहू दे. त्यांचं जमलंय."