रस्त्याच्या अलीकडची म्हातारी

बिरूबद्दल मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर उत्तरपत्रिकेपुरतं. शिवाय माणसाबद्दल लिहायचं म्हणजे त्याच्या माघारी बोलल्यासारखं वाटतं. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बिरूनंही.

तर बिरू माणसं मोजायचा. एसटीतून उतरलो की मोजायचा, मेसमध्ये ताटं आली की मोजायचा. मोजताना त्याचे ओठ हलायचे, आणि शेवटी तो समाधानानं म्हणायचा, "आलं समदं." मग जेवायला सुरुवात. एकदा अर्ध्या वर्गानं ठरवून तास बुडवला. सरांच्या ते लक्षातही आलं नसतं. पण बिरू मागं वळून बघत उभा राहिला आणि काळजीनं म्हणाला, "सर, लय जण कमी हायती. बघून येऊ का?" त्यानंतर कितीतरी दिवस वर्ग त्याच्याशी बोलत नव्हता. तो मात्र वर्गाला मोजत राहिला.

तो म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मी पाटणच्या बाजूचा. सांगलीत आम्ही एका खोलीत राहायचो. घरी कोण कोण असतं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. म्हणाला, "आई हाय, तात्या हायती. मेंढरामागं असत्यात." तात्या म्हणजे त्याचे चुलते.

आमचा तिसरा मित्र समीर. त्याच्या वडिलांचा हळदीचा व्यापार. गोदामाच्या माडीवर दर रविवारी दुपारी समीर आम्हाला एक खेळ खेळायला बसवायचा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आपण काय करणार ते बोलून सांगतात, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. समीरचे फासे पांढरे होते म्हणे. मी पाहिले तेव्हा ते पिवळे झाले होते.

गोष्ट समीर सांगायचा. मी योद्धा. बिरूच्या वाट्याला इथमेरा नावाच्या देवीचा पुजारी आला. इथमेरा म्हणजे राखण करणारी देवी. समीरच्या जाड इंग्रजी पुस्तकात तिचं संगमरवरी चर्च होतं, आकाशात गेलेला मनोरा होता, आणि देवीच्या अंगावर चांदीचं चिलखत.

"वार कुठला तिचा?" बिरूनं विचारलं.

"वार नाही दिलेला."

"निवद?"

"अरे, पुस्तकात तसलं काही नसतं."

"मग लिवणाऱ्यानं देवी बघितल्याली न्हाई," बिरू म्हणाला, आणि त्या रविवारपासून इथमेराची इथमेराई झाली.

चिलखत पहिल्यांदा गेलं. "नुसतं वाजतंय ते. मेंढरं बुजत्यात." मग चर्चमधली मूर्ती गेली. तिच्या जागी काठीला अडकवलेलं घोंगडं आलं. समीर वैतागला. घोंगडं ही काय देवी झाली?

"लांडगा लांबनं बघतो गड्या," बिरू समजावून सांगायला लागला. "काठीवर घोंगडं असलं की त्याला वाटतं माणूस जागा हाय. त्यो माघारी जातो. देवीचं काम तेवढंच. कुणीतरी जागं हाय, असं वाटाय पायजे."

चर्चमध्ये आधी कुत्र्यांना भाकरी, मग धर्मगुरूंना, असाही नियम त्यानं केला. समीरचे धर्मगुरू सोन्याची काठी घेऊन कुत्र्यांचं जेवण संपायची वाट बघत उभे राहायचे.

इथवर मजाच होती. भांडण व्हायचं ते राखणीवरून. एका खेळात देवी एकदाच राखण देणार, आणि ज्याला मिळेल त्याला त्या दिवशी मरण नाही. ती कुणाला द्यायची हे पुजाऱ्याच्या हातात. आम्ही गुहेत अडकलेले असायचो, माझ्या छातीत भाला घुसलेला असायचा, आणि बिरू सांगायचा, "राखण म्हातारीला."

"कुठली म्हातारी?"

"मेंढरामागं हाय बघ. तिला रस्त्याच्या अलीकडंच ठेव."

"बिरू, ही म्हातारी माझ्या गोष्टीत नाही. आणि त्या जगात मोटारी नाहीत, घोडे आहेत."

"घोडं बी रस्त्यानंच जात्यात."

त्या म्हातारीपायी माझे किती योद्धे मेले कोण जाणे. मला वाटायचं, याला आईची आठवण येते, दुसरं काय. एकदा मी सरळ म्हणालो, "अरे, फोन कर की आईला."

तो म्हणाला, "तिकडं रेंज नसती."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी समीरनं मोठा खेळ मांडला होता. राक्षसांच्या फौजेनं इथमेराईच्या चर्चला वेढा घातलेला. दारात मी एकटा, जखमी. आत आसऱ्याला आलेलं सगळं गाव. समीरनं हात जोडले. "बिरू, आज तरी राखण चर्चला दे."

बिरूनं फासा मुठीत धरला. "म्हातारी कुठं हाय आज?"

"म्हातारी नाही रे या गोष्टीत."

"हाय. रस्त्याच्या कडंला हाय."

समीर तसा गरीब स्वभावाचा. पण त्या दिवशी त्याचाही तोल गेला. "ठीक आहे. म्हातारी रस्ता ओलांडायला निघाली. समोरून राक्षसांचा रथ आला. गेली म्हातारी. आता दे राखण इकडं."

बिरूनं फासा सावकाश खाली ठेवला. आवाज झाला नाही.

"रथ दिसला न्हाई व्हय तिला?"

"नाही दिसला."

तो उठला. चपला घातल्या. दारातून सवयीनं वळून त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं, ओठ हलले. "आलं समदं" मात्र म्हणाला नाही.

तो खोलीवर आला नाही. फोन बंद. कॉलेजातही नाही. समीर रोज येऊन त्याच्या कॉटवर बसायचा.

मग एका सकाळी दारात एक फेटेवाले गृहस्थ उभे राहिले. बिरूचे तात्या. त्याचं सामान न्यायला आले होते. समीर तेव्हा होताच. मी चहा केला. तात्या बिरूचं घोंगडं घडी घालत होते.

"तात्या, बिरू आईकडं गेलाय ना?" मी विचारलं. "त्यांना सांगा, इथं तो त्यांना लय जपायचा."

तात्यांचे हात थांबले.

"कुणाला सांगू, बाळा?" ते म्हणाले. "वैनी कवाच गेली. ह्यो अकरावीला हुता तवा. कऱ्हाडाजवळ मेंढरं रस्त्यापल्याड घालत हुतो. समदी गेली. वैनीनं मोजली तर एक कोकरू कमी. त्याला आणाय माघारी वळली. ट्रक आला."

चहा तसाच राहिला. समीरनं मान खाली घालूनच विचारलं, "बिरू काय करतो, तात्या?"

"मेंढरं घिऊन बसलाय," तात्या म्हणाले. "चारा समदा रस्त्याच्या पल्याड हाय. आन त्यो एकाबी मेंढराला रस्ता ओलांडू देत न्हाई."