खात्रीशेठचं गोठवलेलं खातं

अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा खात्रीशेठचा परदेशात आल्यापासूनचा नियम. पण त्या सकाळी गोदामातून बदली सुट्टी मिळालेली, हातात चहा आणि अंगात खुमखुमी. त्यांनी फोन उचलायचं ठरवलं. (माणूस खड्ड्यात पडतो तो असाच, चहा न सांडता.)

खात्रीशेठ गोदामात माल मोजत. उतरलेली खोकी तीनदा मोजल्याशिवाय सही करत नसत, म्हणून तिथल्या आपल्याकडच्या मंडळींनी हे नाव ठेवलं होतं. घरी बायको नुसतं ‘अहो’ म्हणे, पण त्या ‘अहो’तही बराच मजकूर असे.

“तुमच्या बँकेतून बोलतोय,” पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला. “तुमच्या खात्यावर काहीतरी संशयास्पद चाललंय. आधी तुमची ओळख पटवून घेतो. जन्मतारीख?”

खात्रीशेठनी बायकोला डोळा मारला. आला, चोर आपल्या पायांनी आला!

“तीस फेब्रुवारी.”

“जन्मस्थळ?”

“चंद्र. उत्तरेकडची बाजू.”

“कार्डावरची शेवटची मोठी खरेदी?”

“एक हत्ती. सुट्टे नव्हते ना!”

पलीकडून फोन बंद झाला.

“पळाला शेपूट घालून!” खात्रीशेठ म्हणाले.

“अहो, पण खरंच बँकेचा असला तर?”

“अगं, बँक इतकं गोड बोलते का कधी?”

दुपारी दुकानात तेल, तांदूळ, कांदे असा माल काउंटरवर मांडला आणि मशीननं कार्ड नाकारलं. मग बायकोचंही नाकारलं, कारण खातं दोघांचं एकच. मागची रांग उसासे टाकू लागली. खिशातल्या चिल्लरीत फक्त कांदे सुटले.

“आज भाड्याची शेवटची तारीख आहे,” बायको बाहेर येऊन म्हणाली.

खात्रीशेठनी घड्याळ पाहिलं. मागच्या महिन्यात घरमालकानं नवा खाते क्रमांक दिला, तेव्हा तो खरा की खोटा याची शहानिशा करण्यात यांनी नऊ दिवस घालवले होते. मालकानं बजावलं होतं, आता शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या पुढे एक मिनिट झालं तरी किल्ल्या परत. बॅगा आणि कांदे घेऊन परक्या गावात जायचं कुठे? ते खरंच घाबरले.

बँकेत पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. (ही नजर खात्रीशेठच्या ओळखीची होती. खोक्यांकडे ते स्वतः असंच बघत.)

“सकाळी तुमचा फोन भलत्याच माणसानं उचलला होता,” बाई म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं. म्हणून खातं गोठवलं. ऐकायचंय?”

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. खात्रीशेठनी स्वतःच्या आवाजात हत्तीची खरेदी ऐकली. बायको छताकडे बघत राहिली.

“पण मुळात फोन केलात कशाला?” खात्रीशेठनी कसंबसं विचारलं.

“दिवसातून अडतीस वेळा कोणीतरी तुमचं खातं उघडतंय. पैसे काढत नाही, भरत नाही. नुसतं डोकावतं आणि जातं. आम्हाला वाटलं, कोणीतरी पाळत ठेवून आहे.”

“ते मीच!” खात्रीशेठ म्हणाले. “पैसे जागेवर आहेत ना, बघत होतो.”

बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांचा संशय वाढलेला दिसला. घड्याळात पावणेपाच झाले. त्या बायकोकडे वळल्या.

“ताई, खात्यावर तुमचंही नाव आहे. हे तुमचेच यजमान आहेत, अशी लेखी हमी दिलीत तर खातं मोकळं करते. पण त्याआधी खऱ्या नवऱ्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारा.”

बायकोनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“आपल्या लग्नाची तारीख?”

कार्डाचे सोळा आकडे, मालकाचा खाते क्रमांक, विजेच्या मीटरचं मागच्या महिन्याचं रीडिंग, सगळं खात्रीशेठच्या जिभेवर आलं. तारीख तेवढी येईना.

“चौदा... नाही, सोळा. सोळा मे?”

बाईंचा हात सुरक्षारक्षकाला बोलवायच्या घंटीकडे गेला.

“थांबा!” बायको म्हणाली आणि पेन उचलून तिनं सही ठोकली. “हेच ते. तोतया असता, तर तारीख पाठ करून आला असता.”