पहिल्या रांगेतले गरडभाऊ

मेंदूवर कुठे व्याख्यान असलं की आमचे गरडभाऊ इस्त्रीचा शर्ट घालतात आणि माझी दुपारची झोप मोडतात. यात आजवर खंड पडलेला नाही. दारावर तीन थापा, आणि मागोमाग आवाज, "सावंतभाऊ, उठा की! आज मज्जातंतू हायेत!" जणू काही मज्जातंतू म्हणजे गावाकडचे पाहुणे आणि ते एसटी स्टँडवर येऊन ताटकळलेत.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. पहाटे पाचला मोशीच्या चौकात कंपनीची बस पकडायची, दिवसभर खिडकीतून बेअरिंगं आणि ऑइल सील द्यायची आणि परतताना ट्रॅफिकमध्ये कंटेनरच्या मागे बसून धूळ खायची. घरी येऊन जेवलो की मी माणूस राहत नाही, पोतं होतो. त्या पोत्याला गरडभाऊ स्कूटरवर घालून नेतात. कारण काय, तर मी बीएस्सी आहे. अहो, केमिस्ट्री, तेही दुसऱ्या झटक्यात, वीस वर्षांपूर्वी! पण गरडभाऊंच्या मते इंग्रजी आणि विज्ञान या दोन्ही खात्यांचा मी सुपरवायझर. "मदीच इंग्रजीत घुसत्यात हो ते लोक. तुमी शेजारी असलं की बरं वाटतं." मी शेजारी असतो हे खरं. जागा असतो असं मी कधीच म्हटलेलं नाही.

रामकिसन गरड मूळचे बीडकडचे. आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला फिटर आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर. शिक्षण आयटीआय, पण बंद पडलेल्या प्रेसवर नुसता तळहात ठेवून दुखणं सांगतील. मेंदूचा आणि त्यांचा संबंध पूर्वी हेल्मेटपुरता होता. दीड वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, चंद्रकला वहिनींना, अर्धांगाचा झटका आला. गरडभाऊ शिफ्टला होते. शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीनपाशी, फोन न्यायचा नाही हा नियम, त्यामुळे फोन लॉकरमध्ये. आमच्या नीताने, म्हणजे माझ्या बायकोने, वहिनींना दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून वहिनी पलंगावर. कुणी "डावा हात वर करा" म्हटलं तर कधी करतात, कधी नुसत्या बघत राहतात. बोलणं परत येईल की नाही, आणि आत समजतं किती, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना.

गरडभाऊंना नेमकं तेवढंच पाहिजे होतं. "बोलली न्हाई तरी चालंल, सावंतभाऊ. पर म्या बोललेलं तिला पोचतंय का न्हाई, येवढं कुणीतरी सांगा."

ते सांगणारा माणूस शोधायला म्हणून हा गृहस्थ बाहेर पडला. आकुर्डी, निगडी, चिंचवड, पार पुण्यापर्यंत. कॉलेजचा विज्ञान सप्ताह, हॉस्पिटलची जनजागृती, ज्येष्ठ नागरिक संघ, जिथे म्हणून 'मेंदू' हा शब्द फलकावर दिसेल तिथे पहिल्या रांगेत गरडभाऊ, मांडीवर कंपनीची डायरी, खिशात तीन पेनं. शेजारी मी. घोरत. घरी वहिनींजवळ नीता बसलेली. एका माणसाच्या शंकेपायी दोन संसार कामाला लागले होते.

आता त्यांची शंका विचारायची पद्धत. आमच्याकडे मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतं. पट्टा तुटला. का? बेअरिंग जाम झालं. का? ग्रीस नव्हतं. असं पाचव्या 'का'पर्यंत गेलं की मूळ कारण सापडतं, असा साहेबांचा सिद्धांत. गरडभाऊंनी तो बीडच्या बोलीत करून घेतलाय. "साहेब, येकच शंका," म्हणून ते उभे राहतात आणि पुढे एकामागून एक पाच वेळा "कामून?" विचारतात. मोठमोठे शास्त्रज्ञ दुसऱ्या 'कामून'ला पाणी पितात. तिसऱ्याला आयोजकांकडे बघतात.

आणि त्याचा निकाल डायरीत लिहिला जातो. मी एकदा चोरून वाचला. 'टाय घातलेले साहेब. दुसऱ्या कामूनला चिडले.' 'जाड चष्मा. चौथ्याला विषय बदलला.' एका पोरसवद्या संशोधकाचं उंदरांच्या स्मरणशक्तीवर भाषण होतं. बिचाऱ्याने पाचव्याला सरळ हात जोडले, "काका, खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही अजून." गरडभाऊंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! दचकून मीही वाजवल्या. डायरीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'चांगला माणूस.'

बाकीच्यांवर मात्र त्यांचा राग. "चालू मशीन काय, कुणीबी दाखवतंय. बंद पडल्यावर काय करायचं ते बोला की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा झोपेत मीच बरळलो, असं नीता सांगते.

घोळ झाला तो गेल्या वर्षीच्या एका व्याख्यानात. पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं आली. माणूस ऐकायला लागला की मेंदूचा एक तुकडा लाल, बोलायला लागला की दुसरा लाल. माझा डोळा लागणार एवढ्यात कोपर बसलं. "सावंतभाऊ! थर्मोग्राफी!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे वर्षातून एकदा इलेक्ट्रिकच्या पॅनेलचे उष्णतेचे फोटो काढतात. जिथे जोडणी तापते तिथे फोटोत लाल दिसतं. आयुष्यभर ते फोटो बघितलेल्या माणसाला मेंदूतला लाल ठिपका म्हणजे काय वाटणार? तापलेला भाग! म्हणजे ऐकलेलं पोचलं की डोकं तिथे गरम होतं, आणि गरम झालेलं मोजता येतं. झालं. भोसरीच्या बाजारातून त्यांनी तापमान मोजायची बंदूक आणली. करोनात कपाळाला लावायचे तसली नव्हे हं. "ती तापाची. आपल्याला पॅनेलची पायजे."

तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर गरडभाऊ स्टूल ओढून पलंगाशी बसत. आधी एक रीडिंग. मग वहिनींशी दहा मिनिटं बोलायचं, गावच्या विहिरीचं, मेव्हणीच्या पोरांचं, कंपनीतल्या नव्या साहेबाचं. मग दुसरं रीडिंग. डावी बाजू इतकी, उजवी इतकी. महिन्यांमागून महिने. आकडा पॉइंट दोनने चढला की रात्री जेवणात शिरा. उतरला की माणूस दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

मला ठाऊक होतं हे खूळ आहे. केमिस्ट्रीतला दुसऱ्या झटक्याचा असलो तरी एवढं कळतं. पंखा चालू केला तरी तो आकडा हलायचा! पण सांगणार कोण? नीता म्हणायची, "तुम्ही सांगा." मी म्हणायचो, "उद्या." मी भित्रा आहे, हे इथे कबूल करून टाकतो.

असेच गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, चिंचवडच्या एका सभागृहात गेलो. संशोधन करणाऱ्या एक बाई बोलणार होत्या, 'मेंदू भाषा कशी समजतो' यावर. साध्या सुती साडीतल्या, पन्नाशीच्या, सोपं मराठी बोलणाऱ्या. मी चक्क जागा राहिलो. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या आणि गरडभाऊ डायरी घेऊन उभे. मी बाही धरली, ती सुटली. त्यांनी बंदुकीपासून सगळं सांगितलं आणि आकडे वाचायला सुरुवात केली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चारदोन जण. मला त्या क्षणी उठून एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि स्वतःच्याही.

बाई हसल्या नाहीत. आकडे संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "दादा, तुम्हाला खोटं सांगणार नाही. तो लाल रंग उष्णतेचा नसतो. रक्तप्रवाहातले बारीक बदल मोजून, कळावं म्हणून संगणक तो रंग भरतो. तुमची बंदूक फक्त कातडीचं तापमान दाखवते. त्यावरून आतलं काहीच कळत नाही."

"कामून?" गरडभाऊ हळूच म्हणाले. आणि खाली बसले. पुढचे चार विचारलेच नाहीत. इतक्या व्याख्यानांत असं पहिल्यांदाच झालं.

बाहेर चहा-समोसे चालू होते. गरडभाऊ भिंतीला टेकून उभे, डायरी बंद. तेवढ्यात बाई स्वतः शोधत आल्या. "दादा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही रीडिंग घेता तेव्हा वहिनी काय करतात?"

"काय करणार? पडून असती."

"सुरुवातीला पण? आणि आता पण?"

गरडभाऊ आठवायला लागले. "सुरवातीला भ्यायची बंदुकीला. तोंड फिरवायची. आता... आता मी स्टूल वढलं की डाव्या हातानं कपाळावरचे केस बाजूला घेती. पदर असला तर तोबी."

"तुम्ही सांगता म्हणून?"

"न्हाई हो. आपलं आपणच. गावाकडचं सांगताना मी मधेच थांबलो तर बंदुकीवर बोट आपटती. म्हंजी पुढं बोल."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठं लिवणार?" गरडभाऊंनी डायरी उघडून दाखवली. तारीख, वेळ, डावी, उजवी. "रकानाच न्हाई त्याला."

बाई म्हणाल्या, "किती समजतं ते तपासायला वाचा-उपचार करणाऱ्यांकडे न्या, मी चिठ्ठी देते. पण दादा, तुम्ही जे सांगताय ते काही न पोचलेलं माणूस करत नाही. काही बोलायचं राहिलं असेल तर बोला."

परतताना मोशीच्या सिग्नलला गरडभाऊ म्हणाले, "पोचत असंल तरच बोलायचं ठरवलं व्हतं, सावंतभाऊ. परत परत बोलायचं बळ न्हाई माझ्यात." मला काही कळेना. मी म्हटलं, "हिरवा पडला."

गरडभाऊंच्या घरी पोचलो तेव्हा नीता स्वयंपाकघरात वहिनींची पेज करत होती. मी तिच्यामागे उभा राहिलो. वन आरकेचं घर, मध्ये नुसता पडदा. गरडभाऊ सरळ पलंगाकडे गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"चंद्रे," आवाज आला, "त्या दिशी फोन लॉकरमदी नव्हता. समद्यांना म्या तसंच सांगितलं. खिशात व्हता, चोरून नेलेला. सकाळी आपलं भांडण झालं व्हतं. तू माहेरी जायचं म्हनत व्हतीस आन् म्या नको म्हनलो. तुझा फोन आला तर मला वाटलं पुन्यांदा तेच. म्या कट केला. परत आला, परत कट केला. तू मदतीला बोलवत व्हतीस आन् म्या..." पुढचं हुंदक्यात गेलं. नीताच्या हातातला डाव तसाच राहिला. दीड वर्ष हा माणूस हे पोटात घेऊन पहिल्या रांगेत बसत होता आणि मी शेजारी घोरत होतो!

मग आवाज आला. सणसणीत. पाठोपाठ स्टूल पडलं.

आम्ही दोघं धावलो. पडद्यापाशीच गरडभाऊ समोर आले. डाव्या... नाही, त्यांच्या उजव्या गालावर चार बोटं उठलेली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. "पोचलं!" ते माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत म्हणाले. "सावंतभाऊ, समदं पोचलं!"

आत वहिनी रडत होत्या. मी त्यांना दीड वर्षात रडताना पाहिलं नव्हतं. डाव्या मुठीने त्या पलंगाची लोखंडी कड वाजवत होत्या, थांबेचनात.

"जा भाऊ, बोलावतायत," नीता म्हणाली.

गरडभाऊंनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "जातो, वहिनी," ते नीताला म्हणाले. "दोनदा कट केला व्हता ना. येक बाकी असंल."