नाव एकाचं, पत्ता दुसऱ्याचा

सकाळी ऑफिसात आल्या आल्या नेमके साहेबांनी दोन कामं केली. नव्या बाईंच्या टेबलाजवळून पुढे जाता जाता, पाऊलही न थांबवता, "मॅडम, ते माझ्या पत्त्याचं तेवढं करून टाका," असं सांगितलं. मग काचेच्या केबिनमध्ये शिरले, खुर्ची ओढली आणि लोकांना धड बोलता येत नाही या विषयावर हसायला बसले.

नेमके हे त्यांचं आडनाव नव्हे. घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या त्या कंपनीचा डेटाबेस त्यांच्या ताब्यात होता. कुठलं खोकं कुणाच्या दारात जायचं ते तिथून ठरायचं. कुणी मदत मागायला आलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "नेमकं काय? नेमकं कधी? नेमकं कुठे?" तिसऱ्या 'नेमकं'ला समोरचा गार पडायचा आणि आल्या पावली परत जायचा. त्यातून हे नाव पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचा खरा दरबार मात्र इंटरनेटवर भरायचा. तिथे डेटाबेसवाल्यांचा एक कट्टा होता. अडलेल्याने प्रश्न टाकायचा आणि जाणत्याने सोडवायचा, अशी मूळ कल्पना. पण प्रश्न यायचे ते असे: 'चालत नाही, मदत करा.' 'काल होतं, आज नाही.' 'लवकर सांगा, साहेब मागे उभे आहेत.' अशांना उत्तर तरी काय देणार? म्हणून जाणत्यांनी त्यांची टिंगल सुरू केली, आणि टिंगलीत 'डेटाडॉक्टर' या नावाने लिहिणाऱ्या नेमक्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या नावापुढे मानाचे तारेच तारे होते. 'काल होतं, आज नाही' म्हणणाऱ्या बिचाऱ्याला त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या केसांचंही तसंच झालं. उपाय सापडला तर कळवा.' कट्टा कित्येक दिवस हसत होता. हा डॉक्टर म्हणजे नेमके, हे ऑफिसात मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

त्या सकाळी नेमके असाच एक टोला जुळवत असताना नव्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलं हाताशी आल्यावर, पुष्कळ वर्षांनी त्या पुन्हा नोकरीला लागल्या होत्या आणि अजून कायम झाल्या नव्हत्या. त्यांना ठेवायचं की घरी पाठवायचं ते याच आठवड्यात ठरणार होतं, आणि शब्द नेमक्यांचा होता.

"सर, जरा गडबड झालीय."

"गडबड म्हणजे?"

"करायला गेले एक, आणि… जरा जास्तच झालं."

"मॅडम, 'गडबड' आणि 'जास्त' हे शब्द डेटाबेसला कळत नाहीत. मलाही कळत नाहीत. नेमकं काय ते लिहून आणा, मग बोलू."

"पण सर, तोवर…"

"लिहून आणा."

बाई गेल्या. नेमक्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. थोड्या वेळाने कट्ट्यावर एक नवा प्रश्न पडला: 'एकाचं करायचं होतं, सगळ्यांचं झालं. आता काय करू? खूप अर्जंट आहे.'

ताटात आयतं वाढून आल्यासारखे नेमके सावरून बसले. बाकीचे तुटून पडायच्या आत आपण लिहायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, 'लग्न होतं का? एकाचं ठरलं आणि मांडवातल्या सगळ्यांचंच लागलं असेल, तर आता माघार नाही. कमिट करा आणि नांदा सौख्यभरे!'

या धंद्यात केलेला बदल आधी कच्चा असतो, आणि तो कच्चा असेतोवर बाकीच्यांचं काम अडून राहतं. 'रोलबॅक' म्हटलं की पुसला जातो, 'कमिट' म्हटलं की पक्का होतो आणि मग कितीही गयावया करा, मागे फिरत नाही. सगळं बिघडलेलं असताना 'कमिट करा' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला 'आणखी पाणी प्या' म्हणण्यासारखं. कट्ट्याला ते कळलं. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लागल्या. एकाने विचारलं, 'आहेर कुठे पाठवायचा?'

तेवढ्यात गोदामातून फोन आला. "साहेब, आमच्या स्क्रीन हलेनात. मघापासून सगळं अडकलंय."

"अडकलंय म्हणजे? कुठली स्क्रीन? त्यावर काय लिहून येतंय?"

"काहीच येत नाही, म्हणून तर फोन केला… थांबा, थांबा. हलली! आत्ताच हलली बघा. लेबलं छापायला लागली."

"बघा," नेमके समाधानाने म्हणाले, "जरा धीर धरला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात."

दुपारच्या जेवणाआधी बायकोचा फोन आला.

"अहो, पार्सल आलंय."

"मग घे ना. पत्ता दुरुस्त करायला सांगितलाच होता मी. झालं समाधान?"

जुन्या घराच्या पत्त्यामुळे तिची पार्सलं भलतीकडे जात होती, आणि त्यावरून तिने घरात बरेच दिवस भुणभुण लावली होती. नेमक्यांनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"अहो, आणखी आलंय."

"किती?"

"खूप."

"खूप म्हणजे? आकडा सांग."

"आकडा काय सांगू, डोंबल! जिना दिसेनासा झालाय. खाली गाड्यांची रांग लागलीय. तुम्ही काही मागवलंय का?"

"कसली खोकी? कुणाच्या नावाची? तू आधी नीट बघ, मग फोन कर."

हा मजकूर वाया घालवणं नेमक्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कट्ट्यावर लिहिलं, 'घरूनही तक्रार आली आहे: खूप आलंय. काय आलंय ते गुलदस्त्यात.' कट्टा पुन्हा खिदळला. तिकडे बायको सह्या करत होती.

गोदामात एका हमालाने विचारलं होतं म्हणे, की एवढं सगळं एकाच घरी कसं? मुकादमाने त्याला सांगितलं, मोठं गिऱ्हाईक असेल, तू तुझं चिकटव.

अखेर मोठे साहेब स्वतः केबिनमध्ये आले. चेहरा पांढराफटक. "शहरातल्या सगळ्या गाड्या एकाच बिल्डिंगखाली उभ्या आहेत. लोक औषधांची वाट बघतायत, कुणाची पोरं परीक्षेच्या पुस्तकांची. हा पत्ता कुणाचा आहे, सांगू शकाल?" आणि त्यांनी कागदावरून पत्ता वाचला.

नेमक्यांना तो पाठ होता.

त्यांनी यंत्रणा उघडली. पत्ता बदलायचा हुकूम दिलेला होता, पण तो कुठल्या गिऱ्हाइकासाठी ही अट लिहायची राहून गेली होती. त्यामुळे जेवढी म्हणून पार्सलं होती त्या सगळ्यांना नेमक्यांचा पत्ता चिकटला होता. मग पुष्कळ वेळ तो बदल कच्चाच पडून होता. आणि मग कमिट. त्या कमिटची वेळ त्यांनी कट्ट्याशी ताडून पाहिली. डॉक्टरांचा विनोद त्याच्या किंचित आधीचा होता.

त्यांनी बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही बाहेर कुठे प्रश्न टाकला होता का?"

"हो सर."

"मग नीट का नाही लिहिलात?"

"तुमचाच नियम आहे ना, सर. बाहेर कंपनीचं नाव लिहायचं नाही, डेटाच्या टेबलाचं नाव नाही, कामाचं काही म्हणजे काही नाही. ते सगळं काढलं तर तेवढंच उरलं."

"मग मला विचारायचं!"

"विचारायलाच आले होते."

नेमक्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "कमिट का केलंत?"

"गोदामातून फोनवर फोन येत होते, माझ्यामुळे सगळं अडकलं म्हणून. तिथे एका डॉक्टरांनी तसं सांगितलं. नावापुढे एवढे तारे होते… मला वाटलं, मोठा माणूस आहे, मस्करी कशाला करेल?"

त्या डॉक्टरांचं नाव सांगायला ही वेळ चांगली होती. नेमक्यांनी ती जाऊ दिली.

डेटाची आदल्या दिवशीची प्रत होती, त्यावरून पत्ते परत मिळाले. गाड्या उद्या खोकी उचलायला जाणार असं ठरलं. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी सरळच विचारलं, "झालं कशामुळे?"

"मानवी चूक, सर."

"मानवी म्हणजे कोण?"

काचेपलीकडे नव्या बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नेमक्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं. "नवीन माणसं आहेत, सर. होतं असं," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून मोघम बोलले, आणि ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. उद्यापासून येऊ नका म्हणून बाईंना दिवेलागणीच्या आत सांगण्यात आलं. कुणाचा पत्ता दुरुस्त करायला सांगितला होता आणि कुठल्या शब्दांत, हे बाईंनी तोंडातून काढलं नाही. साहेबांचं घरचं काम ऑफिसात सांगायचं नसतं, असं त्यांना वाटलं असावं.

घरी पोचायला नेमक्यांना खोक्यांवरून चढून जावं लागलं. सोफा खोक्यांखाली गाडला गेला होता. बायको मनगट चोळत म्हणाली, "सह्या करून हात मोडला माझा. कुणी केला हा घोळ?"

"झाला."

"झाला म्हणजे? कुणी केला?"

त्यांनी बूट काढले. एका खोक्यावर टेकले आणि सवयीने फोनवर कट्टा उघडला. सकाळच्याच प्रश्नकर्तीने पुन्हा लिहिलं होतं: 'काम गेलं. माझं काय चुकलं कळत नाही. कुणी सांगेल का?'

खाली मंडळी जमली होती. 'काम म्हणजे कुठलं?' 'एकाचं गेलं की सगळ्यांचं?' 'डॉक्टरांना बोलवा रे!'

नेमक्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. त्यांच्याजवळ उत्तर होतं, सगळ्या तपशिलासकट होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चूक तुमची नव्हती.'

कट्टा आनंदाने उसळला. 'मग कुणाची, डॉक्टर?' एकाने लिहिलं. दुसऱ्याने डॉक्टरांचं कट्ट्यावरचं नेहमीचं वाक्य त्यांनाच परत केलं: 'नेमकं सांगा!' त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रश्नकर्तीच्या नावापुढचा हिरवा ठिपका तेवढा पेटलेला होता. ती वाट बघत होती.

नेमक्यांनी फोन बंद करून शेजारच्या खोक्यावर पालथा ठेवला. त्या खोक्यावर नाव कुणा अनोळखी बाईचं होतं आणि खाली, ठळक अक्षरांत, पत्ता त्यांचा.