बिनवासाची खुर्ची

तानाबाईच्या शेळीच्या दुधाला टर्पेंटाइनचा वास यायला लागला आणि शेजारच्या कवडूचे ग्रह फिरले.

कवडूचा कारखाना म्हणजे आर्वीतल्या घरासमोरचं त्याचं अंगण. एक भट्टी, दोन हातोडे आणि पत्र्याच्या खुर्च्यांचा ढीग. रंगाचे डबे-ब्रश धुतलेलं पाणी नालीतून थेट तानाबाईच्या दारात जाई आणि तिची शेळी ते आवडीनं पिई. एक दिवस त्या शेळीची दाढी हिरवी झाली. तानाबाईनं शेळीला दोरी बांधली आणि पुरावा म्हणून तिला कचेरीत नेऊन उभी केली. आठवड्यात नोटीस आली. रंगाचा वास आणि नालीतलं पाणी बंद करा, नाहीतर कारखाना बंद करा; पंचवीस मे रोजी सकाळी नऊला इन्स्पेक्टर तपासणीस येतील.

कवडूच्या पायाखालची जमीन सरकली. बिनवासाचा रंग त्यानं बापजन्मात पाहिला नव्हता आणि खुर्च्यांशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं.

"आता कसं करावं व, पंचफुले?" त्यानं बायकोला विचारलं.

पंचफुलानं हातातली लाखेची बांगडी त्याच्या नाकाखाली धरली. "हिले वास येते का?"

"नाई."

"बांगडीवाला हिच्यात टर्पेंटाइन घालते का?"

"नाई."

"मंग तुमीच काऊन घालता?"

दुसऱ्याच दिवशी जंगलातून पळसाची लाख आणणाऱ्या पुनाजीला कवडूनं गाठलं. लाख कुटली, वस्त्रगाळ केली, तिच्यात गेरू मिसळला. खुर्ची भट्टीवर तापवली आणि ती पूड पुरचुंडीतून तिच्यावर भुरभुरली. पूड जागच्या जागी वितळली, पसरली, आणि खुर्ची निवताच लालभडक चकाकायला लागली. ना वास, ना धुणं, ना नालीत थेंब. खाली सांडलेली पूड जुन्या धोतरावर पडे. ती पंचफुला झटकून पुन्हा चाळणीत घेई. चिमूटभरसुद्धा वाया जाईना. कवडू थक्क झाला. लाख तेवढी महाग पडत होती, म्हणून बायकोला न सांगता त्यानं तिच्यात निम्मी राळ घातली. राळ लाखेपेक्षा लवकर वितळते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कोणाला विचारलंही नव्हतं. नवऱ्यांना नेमकी अशा वेळी अक्कल सुचते.

पंचवीस तारखेला कवडूनं नवी खुर्ची अंगणातल्या निंबाच्या सावलीत मांडली. नऊला येणारे इन्स्पेक्टर बबनराव बाराला आले. साहेबांबरोबर सावलीही सरकली होती. तेव्हापासून आर्वीच्या मे महिन्याचं ऊन खात खुर्ची साहेबांची वाट पाहत होती. धास्तावलेल्या कवडूचं तिकडे लक्षच गेलं नाही.

बबनराव अंगावर जाड खाकी पाटलोण आणि चेहऱ्यावर त्याहून जाड गांभीर्य घालून आले होते. त्यांनी भट्टी हुंगली, भिंत हुंगली, वाकून नालीसुद्धा हुंगली.

"वास नाही," ते चकित होऊन म्हणाले. "आणि पाणी?"

"नाली कोरडी ठाक हाय जी. शेळीले इचारा पाह्यजे तं."

बबनराव प्रसन्न झाले आणि खुर्चीवर बसले. बसताना 'स्स' असा आवाज आला, पण अधिकारी माणूस चटका बसला म्हणून उठत नाही. पाव तास ते डायरीत लिहीत होते. मधे पंचफुलानं ताक दिलं.

"छान आहे," डायरी मिटत ते म्हणाले. "सही कचेरीत करतो. परवानगी मिळाली असं समज."

कवडूनं हात जोडले. बबनराव उठले. खुर्चीही उठली.

कवडूचे जोडलेले हात तसेच राहिले.

"हे काय आहे?" बबनराव ओरडले.

"खुर्ची हाय जी."

"ते मलेही दिसते! माह्यामागं काऊन येऊन राह्यली?" साहेबांची कचेरीतली भाषा पार गळून पडली.

कवडूनं खुर्ची ओढली, बबनरावांनी स्वतःला ओढलं, आणि दोघं अंगणात गोल फिरले. सही राहिली, कारखाना गेला, आता तुरुंग, असं कवडूला स्पष्ट दिसायला लागलं. भिंतीवरून तानाबाई पाहत होती.

"मायव! साहेबाले खुर्चीनं धरलं व!" ती किंचाळली. तिला शेळीचं सोसवत नसे, तर माणसाचं कसं सोसवेल? रांजणातलं घागरभर गार पाणी आणून तिनं साहेबांवर ओतलं.

पंचफुलानं कपाळावर हात मारला. "गार पाण्यानं लाख घट्ट होते, बाई! आता तं दगडच झाली."

"मंग सुटते कायनं?" बबनरावांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"तापवल्यानं."

सगळ्यांच्या नजरा भट्टीकडे गेल्या. बबनरावांचीही गेली.

"खबरदार!" ते खुर्चीसकट मागे सरकले. "मी माणूस हाओ का भरताचं वांगं?"

शेवटी पंचफुलानं पाठ फिरवली, तानाबाईनं शेळीचंसुद्धा तोंड फिरवलं, आणि बबनराव पाटलोणीतून बाहेर आले. पाटलोण खुर्चीवरच बसून राहिली. कवडूनं हाताला लागलं ते धोतर दिलं. ते नेमकं पूड झेलायचं निघालं. साहेब कमरेपासून खाली नवरदेवासारखे लाल होऊन मागच्या गल्लीनं गेले.

तीन दिवस कवडूनं भट्टी पेटवली नाही. चौथ्या दिवशी शेरा आला. कवडूनं तो दोनदा वाचून घेतला, तरी त्याला खरं वाटेना. 'वास नाही. नालीत रंग नाही. रंग पक्का असून सहजासहजी सुटत नाही, याची खात्री निरीक्षकाने जातीने केली आहे. कारखाना चालू ठेवावा.' खाली बबनरावांची सही होती.

पंचफुला काही वाया घालवणारी नव्हे. तिनं पाटलोणीचे पाय कापून टाकले, कडा कातरल्या, आणि खाकी बैठकीची ती लाल खुर्ची दारात ठेवली. आठ दिवसांनी एक बाई खुर्ची पाहून थांबल्या, तिच्यावर बसल्या, खूश झाल्या.

"अशा सहा पाह्यजे. उन्हात चटका नाई लागत कापडानं." मग त्यांनी बैठकीवरून हात फिरवला. "आमच्या घरी बी अस्संच कापड हाय. साहेबाची एक पाटलोण कुत्र्यानं नेली म्हणते. बाकीच्या जुन्या सहा आणून देऊ का?"

कवडू हळूच भट्टीमागे सरकला. पंचफुला म्हणाली, "द्या ना बाई."

कवडू खुर्च्या घेऊन साहेबांच्या घरी पोचला तेव्हा बबनराव ओसरीतच होते. आपल्या सहाही पाटलोणी त्यांनी ओळखल्या.

"बसा जी," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तुमीही बसा, कवडूजी. तुमीच तं बनवल्या."

बबनरावांनी कवडूकडे पाहिलं. कवडूनं बबनरावांकडे पाहिलं.

"नाई," दोघंही एकदमच म्हणाले, "उभंच बरं हाय."