पुसलेलं आत्मचरित्र

"डिस्क गेलीय, बाबा. पण काळजी नको. या पेनड्राइव्हवर खिशात मावेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम चढवतो, दहा मिनिटांत तुमचा लॅपटॉप चालू!" जावईबापू म्हणाले, आणि जावयाकडे बघताना सासऱ्यांच्या कपाळावरची आठी लग्नानंतर पहिल्यांदाच सैल झाली.

सासरे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीन वर्षं खपून त्यांनी चारशे बारा पानांचं आत्मचरित्र टाइप केलं होतं. ते आता एका काळ्या पेनड्राइव्हवर तेवढं उरलं होतं. "आधी हे धड आहे का बघा," म्हणत त्यांनी तो स्वतःच्या हाताने जावयाच्या लॅपटॉपमध्ये खुपसला. शेजारच्या खाचेत जावयाचा पेनड्राइव्ह होता. तोही काळाच.

आत्मचरित्र धड होतं. जावईबापू कामाला लागले. कुठल्या ड्राइव्हवर चढवायचं, असं पडद्यावर विचारलं गेलं. खाली लाल अक्षरं: यावरचं सगळं पुसलं जाईल.

"हे लाल काय आलं?"

"ते असंच येतं, बाबा." सासरे, सासूबाई आणि बायको खांद्यावरून बघत असताना वाचत बसणं बरं दिसलं नसतं. जावईबापूंनी यादीतला पहिलाच ड्राइव्ह निवडून ठसक्यात 'हो' दाबलं.

बावीस मिनिटांनी त्यांनी आपला पेनड्राइव्ह सासऱ्यांच्या लॅपटॉपला लावला. काही नाही. सहज म्हणून दुसरा लावला आणि मेलेला लॅपटॉप टुणकन उठून बसला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी मात्र हातात उरलेला आपला पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला.

"आता माझं पुस्तक उघडा."

"बाबा, पुस्तक... खाली गेलं."

"खाली म्हणजे? टेबलाखाली?"

"ऑपरेटिंग सिस्टीमखाली. म्हणजे, आता नाहीच ते."

सासरे मटकन खुर्चीत बसले. बायको एवढंच म्हणाली, "धन्य आहे तुझी!" तासभर खटपट करून हाती लागलं ते फक्त 'प्रकरण सातवे' हे दोन शब्द.

"तुम्ही सांगा, बाबा. मी टाइप करतो," जावईबापू कळवळून म्हणाले. "रोज संध्याकाळी येतो."

"रविवारीही?"

"र... रविवारीही."

सासरे जरा सावरले. "तसं बरंच आखडतं घेतलं होतं मी. आता सविस्तर सांगतो."

जावईबापू पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर सासूबाईंनी खालचा खण ओढला. आत कागदांचा जाडजूड गठ्ठा.

"मला पडद्यावर वाचवत नाही, म्हणून गुपचूप छापून आणलं होतं. सगळं आहे."

"आई! वाचवलंत! द्या इकडे."

"थांबा. मी यात कुठे आहे माहितीये? पान दोनशे नव्वद. 'याच सुमारास लग्न झालं.' संपलं! पुढच्याच ओळीत मोजणीची साखळी हरवते, ती अकरा पानं सापडत नाही."

त्यांनी गुडघ्याने खण बंद केला, एक खुर्ची उचलली आणि बाहेर निघाल्या. जावईबापू निमूटपणे मागोमाग.

"लिहा," सासऱ्यांनी घसा साफ केला. "प्रकरण पहिले. माझा जन्म..."

"जन्म राहू दे," सासूबाई त्यांच्यासमोर खुर्ची मांडून बसल्या. "आधी लग्नाचं सांगा. मी ऐकतेय."

जावईबापूंनी मान खाली घालून टाइप केलं: 'प्रकरण पहिले. लग्न.'